दारावरचं नाव उतरव

उल्हासनगर ४
मंगळवार, २० जानेवारी १९९८

चि. मीनल,

परवा रविवारी, १८ जानेवारीला, सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी, बदलापूरला दवाखान्याच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तू माझ्यावर अन्याय केलास. वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं घड्याळ दिसायला सुमार आहे, पण मिनिटाचीही चूक करत नाही.

आता आशीर्वाद. तुला अनेक, तुझ्या आईला नमस्कार. तुझ्या वडिलांचा, श्रीपादरावांचा, खोकला कमी झाला का? त्यांना म्हणावं, कारखान्यात चाळीस माणसांवर हुकूम चालवला, आता स्वतःच्या बिडीवर चालवून दाखवा. माझे गुडघे जसे असायचे तसे आहेत. शेजारच्या दादीने काल मेथीचे कोकी, तिचे ते जाड सिंधी पराठे, पाठवले. तिच्या मुलाने बराकीवर आणखी एक मजला चढवायला घेतलाय, त्यामुळे माझ्या खिडकीत आता ऊन येत नाही, सिमेंट येतं.

तर अन्याय.

जिवंत माणसाचं नाव भिंतीवर लावायचं असेल तर आधी त्याला विचारतात. मेलेल्याला विचारता येत नाही म्हणून तिथे सवलत असते. मी अजून त्या सवलतीत बसत नाही. तू मला न्यायला घरी आलीस, 'बाई, छोटासा कार्यक्रम आहे, फक्त बसायचं' म्हणालीस. मला खुर्ची दिलीस, झेंडूचा हार घातलास (झेंडूने मला शिंका येतात, हे तुला नववीपासून माहीत आहे), आणि साठ माणसांसमोर पडदा सरकवून दाखवलंस: 'कुमुदिनी प्रधान समुपदेशन कक्ष'. टाळ्या वाजल्या. समोसे थंड होते, ते मी माफ केलं आहे.

हे सगळं मी फोनवर बोलले असते. पण फोनवर तू 'हो बाई, हो बाई' करतेस आणि शेवटी तुला हवं तेच करतेस. म्हणून लेखी.

पाटीपेक्षा वाईट तुझं भाषण. तू माइक हातात घेऊन म्हणालीस, "मी एम.ए. मुंबईला केलं, हॉस्पिटलात काम केलं, बायकांच्या आधारगृहात दोन वर्षं काढली. पण हे काम मी शिकले अंबरनाथला, शाळेतल्या नकाशांच्या खोलीत. प्रधानबाईंनी मला सहा महिन्यांत एकही प्रश्न विचारला नाही. माझी खुर्ची त्यांनी दाराजवळ ठेवली, म्हणजे मला वाटेल तेव्हा उठून जाता यावं. दार कधी लावलं नाही. दुखावलेल्या माणसाला आधी सुरक्षित वाटलं पाहिजे, हे त्यांना तेव्हा कळत होतं, जेव्हा आपल्याकडे कुणालाच कळत नव्हतं."

पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मला उठून 'खोटं आहे' म्हणावंसं वाटलं. गुडघ्यांनी उठू दिलं नाही.

ती खोली तुझ्याइतकीच माझ्याही डोळ्यांसमोर आहे. जिन्याखालची, उतरत्या छताची, एका बाजूला माझं डोकं आपटायचं. भूगोलाच्या नकाशांच्या काठ्या कोपऱ्यात उभ्या. कॅनव्हासला कसर लागलेली. मी कणकेची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, आणि सगळ्या खोलीला निळसर, आंबूस वास यायचा. १९८६चा जून. तू नववीत होतीस. मधल्या सुट्टीत डबा घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाई, मी इथे बसू?" मी म्हटलं, "बसायला जागा नाही, काम आहे. आफ्रिका फाटलीय, ती चिकटव." तू चार महिने आफ्रिका चिकटवत होतीस. इतके थर दिलेस की शेवटी तो नकाशा गुंडाळता येईना. पुढची कितीतरी वर्षं भिंतीला टेकून तो पुठ्ठ्यासारखा उभा होता, आणि वर्गात नेला की मुली विचारायच्या, "बाई, इथे एवढे डोंगर आहेत?"

बाहेर तेव्हाचं अंबरनाथ. दुपारी इतकं शांत असायचं की कारखान्याचा भोंगा झाला की कावळे उडालेले ऐकू यायचे. शाळेच्या कुंपणाला चिंचा लागायच्या. तू कधी कधी खळीची वाटी खाली ठेवून नुसती त्या आवाजाकडे कान देऊन बसायचीस. मी हजेरीपत्रकं भरत बसायचे. कधी तू रडायचीस. मी पाठ फिरवून कपाट आवरायचे. ते कपाट त्या वर्षी शाळेच्या इतिहासात सर्वांत नीट आवरलेलं होतं.

तर ऐक. खुर्ची दाराजवळ होती, कारण आतल्या बाजूला नकाशांच्या काठ्या होत्या. दार उघडं असायचं, कारण मोरचुदाच्या वासाने मला गरगरायचं. आणि प्रश्न विचारला नाही, त्याचं कारण मला कळत होतं हे नाही. तुझं काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. तुझ्या भाषणातही तू ते सांगितलं नाहीस. ते बरं केलंस.

म्हणून पाटी काढ. नाव तुझं लाव. काम तू करणार, नाव माझं कशाला?

एवढंच लिहायचं होतं.

कु. प्रधान


गुरुवार, २२ जानेवारी

मीनल,

वरचं पत्र पाकिटात घालून, तिकीट लावून मी काल पोस्टापर्यंत गेले. पेटीसमोर उभी राहिले आणि घरी परत आले. पोस्टातला माणूस म्हणाला, "आंटी, कुछ भूल गये क्या?" मी म्हटलं, "हो."

एवढंच लिहायचं होतं, असं मी मंगळवारी लिहिलं. ते खरं नाही. कारण दिल्याशिवाय तू पाटी काढणार नाहीस. 'बाई लाजतात' म्हणून हसून सोडून देशील, आणि उद्या कुणीतरी तिला हारही घालेल.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे तुम्हा मुलींना माहीत होतं. मागून माझी नक्कल करायचात, तीही मला माहीत होती. पुण्याला नन्सच्या शाळेत अकरा वर्षं. तिथून मी काय काय आणलं? टाचेपर्यंत ताठ उभं राहणं, सुवाच्य अक्षर, आणि एक पद्धत. आमच्याकडे चूक झाली की ती कागदावर लिहायची. तारीख, नेमकी वेळ, कारण. मग सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर स्वतः वाचायची. सिस्टर म्हणायच्या, मोठ्याने वाचलेली चूक हलकी होते. मी तीन वेळा वाचली होती. तिन्ही चुका काचेच्या बरण्या फोडण्याच्या होत्या, त्यामुळे मला खरोखर हलकं वाटलं होतं.

अंबरनाथच्या शाळेत मी ही पद्धत सुरू केली. खुलासा वही. तू आलीस तोवर ती बंद झाली होती, म्हणून तू ती पाहिलेली नाहीस. उशिरा येणाऱ्या मुलीने वहीत तारीख, वेळ, कारण लिहायचं आणि प्रार्थना संपली की वाचायचं. मी आधी वाचून बघत नसे. त्याचा मला अभिमान होता. मी म्हणायचे, मुलगी खरं लिहील असा माझा विश्वास आहे, मी तपासणार नाही. हेडमास्तर चिंतामणराव सगळ्या तालुक्यात सांगायचे, आमच्या प्रधानबाईंच्या शिस्तीत मारझोड नाही.

१९८१ साली आठवीत चांगुणा नावाची मुलगी होती. बुवापाड्याची. वडील काडेपेटीच्या कारखान्यात. वाचायची इतकं सुंदर, की धडा मी तिलाच वाचायला द्यायचे. पाठ्यपुस्तकातला रटाळ उतारासुद्धा तिच्या तोंडून ऐकावासा वाटायचा. गणपतीनंतर ती रोज वीस मिनिटं उशिरा यायला लागली. वहीत रोज एकच कारण: पाणी भरायचे होते. रोज वाचायची. मुली हसायला लागल्या. एक दिवस मी तिला वर्गात थांबवलं.

"चांगुणा, बुवापाड्यात नळाला पाणी किती वाजता येतं?"

"पाचला, बाई."

"जातं किती वाजता?"

"सहाला."

"मग सव्वासातपर्यंत कुणाचं पाणी भरतेस? माझं?"

वर्ग हसला. मला वर्ग हसवता यायचा, हे तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "उद्या मला खरं कारण पाहिजे. पूर्ण. खरं लिहिलंस तर शिक्षा नाही, हा माझा शब्द."

तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. २३ सप्टेंबर १९८१, बुधवार, सकाळी सात चाळीस. प्रार्थना झाली. ती पुढे आली, वही उघडली. तिने वाचायला सुरुवात केली तेव्हा मला पहिल्या दोन वाक्यांपर्यंत तिचा आवाज किती स्पष्ट आहे एवढंच जाणवत होतं. घरी राहायला आलेल्या आत्याच्या यजमानांबद्दल होतं. ते तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडतो म्हणायचे. एकदा सोडलं होतं. त्यानंतर ती रोज त्यांची कामाची पाळी सुरू होईपर्यंत शंकराच्या देवळामागे लपून बसायची आणि मग लांबच्या रस्त्याने पळत यायची. का लपायची, तेही तिने लिहिलं होतं. आठवीतल्या मुलीला जेवढे शब्द माहीत असतात तेवढ्यांत. मी पूर्ण लिहायला सांगितलं होतं.

मी तिला थांबवलं नाही. हे मी सोळा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते. मी थांबवू शकले असते. मी दोन पावलांवर उभी होते. चारशे मुली होत्या, सगळा शिक्षकवर्ग होता, आणि मी तिथे हात मागे बांधून, ताठ, सिस्टरांसारखी उभी राहिले. वाचून झालं की ती माझ्याकडे बघायला लागली. बरोबर झालं का, असं. धडा वाचल्यावर बघायची तसं.

मी म्हटलं, "जागेवर जा."

हे दोन शब्द. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

दोन दिवसांत बुवापाड्यात सगळं पोचलं. तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ओरडतील असं मला वाटलं होतं. ते टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीचा दाखला द्या बाई. आता हितं तिला कशी धाडू?" मी म्हटलं, तिची काही चूक नाही, चूक त्या माणसाची आहे. ते म्हणाले, "त्ये घरात मिटवलं असतं आमी. तुमी चारशे पोरींत वाचाया लावलंत." मी दाखला लिहिला. सुवाच्य अक्षरात. त्या संध्याकाळी मी वही स्टाफरूमच्या मागे जाळली. चिंतामणरावांनी विचारलं, "बाई, एकाएकी बंद का केलीत?" मी म्हटलं, "वेळ फार जातो." तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं असं नंतर कानावर आलं.

एकदा दिसली होती. १९८९ला, अंबरनाथच्या मंडईत. कडेवर मुलगी, दोनेक वर्षांची. मला पाहिलं आणि पदर पुढे ओढून पलीकडच्या बाजूला गेली. मी वांगी निवडायला लागले. वांगी मला आवडत नाहीत. किलोभर घेऊन घरी आले आणि दादीला देऊन टाकली.

आता तुला कळलं असेल, १९८६ साली तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी प्रश्न का विचारला नाही. मला भीती वाटत होती. मी विचारेन आणि तू सांगशील, याची भीती. तुझी ती 'दुखावलेल्या माणसाला आधी सुरक्षित वाटलं पाहिजे' वगैरे वाक्यं माझ्या डोक्यात नव्हती. सहा महिने मी स्वतःला तुझ्यापासून लपवत होते, आणि तू त्याला पद्धत म्हणतेस. त्या पद्धतीच्या नावाने बारशाचे पेढे वाटतेस.

असो. संतापून लिहिणं सोपं असतं. दादीने आता चहा आणून दिला आणि 'टीचर, किस को डांट रही हो?' विचारलं. मी म्हटलं, "मीनल को." ती म्हणाली, "उसको मत डांटो, वो मेरी बेटी है."

दादी तुला अजून बेटी म्हणते. तू कॉलेजात असताना माझ्याकडे यायचीस आणि तिच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलायचीस. आम्ही सगळे तिला सारखे विचारायचो, दादी, सिंधमध्ये घर कसं होतं, कशा आलात, बराकीत पहिली रात्र कशी काढलीत. ती उठून आत जायची. तू कधी विचारलं नाहीस. एक दिवस तिनेच चिडून विचारलं, "छोकरी, तू कुछ पूछती क्यों नहीं?"

"दादी, आपको बताना है?"

"नहीं."

"तो मटर दो."

त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी ती बोलायला लागली. वाटाण्यांचा मोसम संपला होता. तिने तुला काय सांगितलं ते तू मला सांगितलं नाहीस, मी शेजारी असून. मला रागही आला होता. आज वाटतं, हे तू माझ्याकडून शिकलेली नाहीस. माझ्याकडे फक्त गप्प बसणं होतं. त्यात माणूस घालायचं काम तुझं.

आणि तुझं माहितीपत्रक मी वाचलं आहे, चष्मा लावून, दोनदा. त्यात तू लिहिलं आहेस की इथे कुणीही यावं. बाई, पुरुष, हिजडा, सिंधी, मराठी, कातकरी, लग्न झालेलं, न झालेलं, सोडलेलं. नाव सांगायची सक्ती नाही. आडनाव, जात, नवऱ्याचं नाव विचारलं जाणार नाही. बसायची जागा येणाऱ्याने निवडायची. कडी लावायची की नाही तेही त्यानेच ठरवायचं. बोलायचं नसेल तर बोलू नये. 'का' हा प्रश्न इथे विचारला जात नाही. मला हे इतकं आवडलं की मी ते पत्रक घडी करून देवाच्या कपाटात ठेवलं, जिथे मी सहसा फक्त विजेची बिलं ठेवते.

मग मला सांग, आत येणाऱ्याचं नाव तू विचारत नाहीस, आणि दारावर माझं लिहितेस?

रविवारी तुम्ही सगळे पडद्याकडे तोंड करून बसला होतात. माझी खुर्ची तू गुडघ्यांसाठी जिन्याच्या तोंडाशी, आडवी ठेवली होतीस. पडदा सरकला तेव्हा मी पाटीकडे बघत नव्हते. जिन्यावरून एक बाई वर येत होती. निळी साडी, कारखान्यातल्या कामावरची. हातात दवाखान्याचा केसपेपर. तिचा पदर धरून दहा-अकरा वर्षांची मुलगी. बाई शेवटच्या पायरीवर थांबली आणि तिने पाटी वाचली. एका दमात, न अडखळता, नजर डावीकडून उजवीकडे एकदाच गेली. तशी वाचणारी मुलगी माझ्या हाताखालून एकच गेली आहे. मग तिने ते नाव ज्याचं आहे तो चेहरा शोधला. फार शोधावं लागलं नाही. हार माझ्याच गळ्यात होता.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिने तिला वळवलं आणि दोघी खाली उतरल्या. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होतात. सुरुवातीला मी जी वेळ लिहिली आहे ती या क्षणाची.

मी पाणी प्यायचं निमित्त करून, कठड्याला धरून खाली गेले. औषधाच्या खिडकीत कंपाउंडर दौलतराव होते.

"दौलतराव, आत्ता खाली गेली ती बाई कोण?"

"ती होय? बुवापाड्याची. तुम्ही कशाला उतरलात बाई, पाणी वर पाठवलं असतं ना."

"पाणी राहू द्या. आजारी कोण आहे?"

"पोरगी. म्हणजे घसा ओके आहे हां, डॉक्टरने बॅटरी मारून बघितला. पण दिवाळीपासून तोंडातून शब्द नाय. आईशी पण नाय. डॉक्टर म्हणाले, हे घशाचं काम नाय, वर नवीन मॅडम बसणार आहेत, त्यांना भेट. आज हिंमत करून गेली पण वर. अशी रिटर्न कशी आली काय माहीत. गर्दी बघून लाजली असेल."

"परत कधी येणार?"

"एक तारखेला, रविवारी. टॉनिक न्यायला. मधे तिला कामावर सुट्टी नसते."

(दौलतरावांना तुझ्या मजल्यावर येणाऱ्यांबद्दल तोंड बंद ठेवायला शिकव. मी विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी विचारायला नको होतं, त्यांनी सांगायला नको होतं. मी सुधारण्यापलीकडची आहे, ते पन्नाशीचे आहेत, त्यांना जमेल.)

मीनल, ती मुलगी का बोलत नाही, मला माहीत नाही. मी तर्क करणार नाही. काहीही असू शकतं. पण तिची आई तिला घेऊन कारखान्यातला एक रविवार मोडून आली होती, आणि सोळा वर्षांनी पुन्हा एकदा एका खोलीच्या दारापर्यंत पोचली होती जिथे खरं सांगायचं असतं. त्या दारावर माझं नाव होतं. तिच्या जागी मी असते तर जिना उतरताना पळाले असते. ती चालत गेली.

बदलापूरपासून कल्याणपर्यंत दुसरी अशी खोली नाही, हे तुझ्याच भाषणात होतं. ती दुसरीकडे कुठे जाणार?

तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. तू बुवापाड्यात तिला शोधायला जायचं नाहीस. निरोपही धाडायचा नाही. तिच्या दारात कुणी वहाणा वाजवत जाणं पुरे झालं. डॉक्टरांनी आधी सांगितलं तेवढंच पुन्हा सांगावं, वर एक मॅडम बसतात म्हणून, आणि बाकी तिच्यावर सोडावं. मी रविवारी तिकडे फिरकणार नाही. माझी ती खुर्ची हलव. भिंतीवर माझा हार घातलेला फोटो लावायचा विचार असेल तर तो फोटो तुझ्या आईला दे, तिला माझ्याबद्दल पहिल्यापासून जास्त आदर आहे.

मी जाऊन तिची माफी मागावी असंही तुला वाटेल. मलाही वाटलं. मंगळवारी सकाळी मी साडी नेसून तयार झाले होते. मग लक्षात आलं, मी माफी मागितली की तिला मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. 'असू द्या बाई' म्हणावं लागेल, किंवा दार लावावं लागेल. तिच्याकडून आणखी एक उत्तर घ्यायचा मला हक्क उरलेला नाही. साडी बदलली आणि तुला रागाचं पत्र लिहायला बसले. तेच तू वर वाचलंस.

पाटीवर दुसरं नाव लावू नकोस. तुझंही नको, मंगळवारी मी ते चुकीचं लिहिलं. देवाचं नको, देणगीदाराचं नको. नुसती खोली असू दे. माणसाला वाटलं पाहिजे की हे दार कुणाचंच नाही, म्हणजे आपण ढकललं तर चालेल. ही एक गोष्ट मात्र मी तुला शिकवते असं समज. बाकीचं सगळं तू स्वतः शिकलीस आणि भोळेपणाने माझ्या खात्यावर मांडलंस.

पेंटर मिळत नाही, भिंत खराब होईल, ट्रस्टी नाराज होतील, यातलं मी काही ऐकणार नाही. चार स्क्रू आहेत. मी मोजले.

पाटी उतरली की मला लेखी कळव. शुक्रवार, ३० जानेवारीच्या दुपारच्या टपालाने पत्र माझ्या हातात पडलं पाहिजे. न पडल्यास शनिवारी सकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बदलापूरला येईन, आणि या गुडघ्यांनी स्टुलावर चढेन, ते तुला बघवणार नाही.

पत्रात फक्त पाटी उतरली एवढंच लिही. एक तारखेनंतर ती आली की नाही, मुलगी बोलली की नाही, हे मला कळवायचं नाही. मी फोन करून विचारेन. गोड बोलेन, रागावेन, आजारी असल्याचं सांगेन. तरी सांगायचं नाही.

तुझी,
कुमुदिनी प्रधान

(हे नाव पत्राखाली बरं दिसतं. तिथेच राहू दे.)